माघातला मुराळी

मुराळी आला बाई, गाडीला लाव गं चाक
लेक उभी दारामध्ये, तिला माहेराची हाक

माईचा हा आवाज. भिवंडीत, नारपोलीच्या चाळीत खिडकीखाली बसून माई कांड्या भरायची, तेव्हाचा. भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट, अलीकडे माईच्या हाताखाली फिरणारं लहानसं चाक, आणि सूत गुंडाळून घेत घेत बाळसं धरणारी कांडी. एक कांडी भरेपर्यंत एक ओवी. आवाज काही गोड नव्हता. लूमच्या वर चढवून म्हणायची सवय, त्यामुळे तो कडेला जरा फाटलेला असायचा, जुन्या लुगड्याच्या काठासारखा. पण ऊब होती त्यात.

वडील कोर्टात कारकून. त्यांनी हौसेनं लेकीचं नाव विद्युल्लता ठेवलं. माईनं बारशाच्या दिवशीच त्याची विजू केली. वडील लवकर गेले, मग घरात कांड्या आल्या. विजू शेजारी बसून रिकाम्या कांड्या एकेक हातात द्यायची. एकदा तिनं विचारलं होतं, "माई, मुराळी म्हणजे गं काय?"

"सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. भाऊ असतो तिचा. हा तुझा दादा येईल की!"

"हा?" विजू खो खो हसली होती. "ह्याला ह्याची चड्डी सांभाळत नाही, मला काय आणतोय!"

सुधीर तेव्हा दारात उभा होता, एका हातानं चड्डी धरून.

आणि आज, अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात, तो खरंच मुराळी होऊन मुरबाडला निघाला होता, आणि घरी माई नव्हती. म्हणजे होती. घोंगडीवर निजवलेली, डोक्याशी समई. पहाटे गेली. दम्याचं दुखणं दर थंडीत यायचं न् जायचं. ह्या वेळी ते माईला घेऊन गेलं.

सुधीर अब्दुलशेठच्या गाडीवर ड्रायव्हर. शेठचे लूम चाळीच्या मागेच. बातमी कळली तसे शेठ लुंगीवरच धावत आले, गाडीची चावी त्याच्या मुठीत कोंबली. "बहिणीला घेऊन ये. आज गाडी माझी नाय, तुझी. जा."

माईची धाकटी बहीण आक्का डोक्याशी बसली होती. तिनं त्याला खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "रस्त्यात सांगायचं नाही हं तिला. तुला माझी शपथ आहे. बरं नाही, एवढंच म्हण. उंबऱ्यापर्यंत तरी तिला आई असू दे." मग थोडं थांबून, "पण उन्हं उतरायच्या आत ये रे बाबा. फार वेळ नाही ठेवता यायचं."

त्यानं मान हलवली. पहाटेपासून तो मानच हलवत होता. डॉक्टर, बांबू, कुणाकुणाला निरोप. लग्नाचं राहूनच गेलं होतं त्याचं. घरात तो आणि माई, दोघंच. त्यामुळे सगळं त्यालाच विचारत होते, आणि विचारणाऱ्यांच्या त्या गर्दीत रडायला म्हणून त्याला कुणी जागाच ठेवली नव्हती.

कल्याण मागे पडलं आणि मुरबाडच्या वाटेवर मागचं चाक पंक्चर झालं. त्यानं गाडी कडेला घेतली, जॅक लावला, चाक काढलं, डिकीतलं दुसरं चढवलं. हात आपोआप चालत होते, डोळे भाताच्या रिकाम्या खाचरांवर. नट आवळताना तो पान्यावर उभा राहिला, सगळं वजन टाकून आवळले. पाना कुरकुरला. कुणाच्या तरी अंगावर राग काढावा तसा तो त्या पान्यावर उभा राहिला होता.

मुरबाडला विजू अंगणात वाल वाळत घालत होती. गाडी ओळखून ती उठली, हात पदराला पुसले. "अगंबाई, मुराळी! माघात कधीपासून मुराळी यायला लागले? ना दिवाळी, ना पंचमी!"

"माईला जरा बरं नाही," सुधीर म्हणाला. "तुला बोलावलंय."

विजू क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग "आलेच" म्हणून आत गेली. तेवढ्यात त्यानं भावोजींना विहिरीशी गाठून खरं काय ते सांगितलं. भावोजी शाळामास्तर, कमी बोलणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू हिला घेऊन पुढे हो. मी मुलांना घेऊन एसटीनं येतो." चहा मांडला होता, पण विजूनंच तो उतरवला. "नको दादा, वाटेत होईल." भावोजींनी तिची पिशवी उचलून गाडीत ठेवली, आणि ते फाटकाशी उभे राहिले.

मग विजू बोलायला लागली. गाडी सुटली तशी बोलायला लागली ती थांबेचना. सासूनं नवी कवळी बसवून घेतलीय, ती हसली की घोडा हसल्यासारखा वाटतो. धाकटीला बाराखडी येते पण ळ म्हणता येत नाही, केळ्याला केया म्हणते. माईसाठी डिंकाचे लाडू केलेत, डबा पिशवीत आहे, आठवण कर हो दादा. "आणि ह्या वेळी मी माईला घेऊनच येणार आहे मुरबाडला. तुमच्या भिवंडीत नुसती सुताची धूळ. इथली हवा कोरडी. उन्हात खाट टाकून देईन, म्हणावं बैस आणि गा."

"हो," सुधीर म्हणाला.

"येईल ना रे ती?"

"हो."

तो रस्त्याकडे बघत होता आणि कानात माई होती, मघाच्यापेक्षा जवळ.

माहेराच्या वाटं, काटा मोडला पाऊली
काटा काढून पुढं गेले, दारी उभी माझी माऊली

कल्याणच्या पुढे खाडीचा पूल ओलांडला आणि मागून खडखड ऐकू यायला लागली. आधी बारीक, मग मोठी. कोनपाशी गाडीची शेपटी डुलायलाच लागली. रस्त्याच्या कडेला चिंचेखाली पत्र्याची टपरी, फांदीला टांगलेला टायर. त्यानं गाडी तिथं घेतली.

टपरीतून मेकॅनिक महादू बाहेर आला. अंगात काळी बंडी, तोंडात विडी. "काय रं ड्रायवर, गाडी चालवतंस का नाचवतंस? लांबूनच बगत व्हतो, नवरीवानी ठुमकत आली!"

विजू खिडकीतून हसली. महादूला तेवढं पुरलं. खाली बसून त्यानं चाकावरची ताटली काढली आणि शीळ घातली. "आयला! ह्ये नट कोनी लावलं?"

"मी," सुधीर म्हणाला.

"तू ड्रायवर हाय का कारकून? समदं नट उलटं! निमुळती बाजू आत जाते, सपाट भायेर. हतं समदं सपाट आत. चाक कसं धरंल? डुलून डुलून नट बसतो तो एक स्टड तुटलाय बग, आन् ह्या दुसऱ्याचं आटं खाल्लंत."

सुधीरनं खाली वाकून बघितलं. खरंच सगळे नट उलटे. तुटलेल्या स्टडचं बूड भोकात चकाकत होतं, नुकत्या पडलेल्या दातासारखं.

"दादानं?" विजू गाडीतून उतरली होती. "अहो, काहीतरीच काय! हा माणूस घरातल्या स्टोव्हची पिन सुद्धा पुसून ठेवतो. गाडीच्या बाबतीत तर..." ती बोलता बोलता थांबली. नटांकडे बघितलं, मग भावाच्या हातांकडे. मग चिंचेच्या पारावर जाऊन बसली, आणि सकाळपासून पहिल्यांदा गप्प झाली.

"अशीच हळूहळू नेली तर?" सुधीरनं विचारलं.

"न्हे की. धामणकर नाक्यावर चाक तुझ्या पुढं पळंल, आन् तू मागनं. ताय हाय गाडीत, काय डोस्कं फिरलंय तुजं?" महादूनं हात झटकले. "स्टड हाय माज्याकडं, जुन्या अँबेसिडरचा. घालतो. पन आधी भाकर खातो. सकालपासनं पोटात काय न्हाय. बस निवांत."

निवांत. सुधीरनं वर बघितलं. ऊन चिंचेच्या माथ्यावरून कलायला लागलं होतं. समोरून एसटी गेली, दाराला माणसं लोंबकळलेली. रिक्षा करून जावं का? पण नाक्यावर उतरलं की कुणीतरी ओळखीचं भेटणारच. "अरेरे, माई फार चांगल्या होत्या हो," असं भर रस्त्यात, रिक्षांच्या भोंग्यांमध्ये, विजूच्या कानावर पडणार. ते नको. आणि इथं घाई कर म्हणावं, तर कशाची घाई ते तिच्यादेखत सांगायचं कसं?

महादू टपरीमागं हात धुवायला गेला, तसा सुधीर त्याच्या मागे गेला.

"भाऊ, मला लवकर पाहिजे."

"समद्यांना लवकर पायजे. मरन काय वाट बगतंय तुजी?"

महादूनं मान वर करून त्याचं तोंड बघितलं, आणि हातातला तांब्या तसाच कलता राहिला. पाणी त्याच्या पायांवर सांडत होतं.

"कोन रं?"

"आई. पहाटे."

"आन् तायला?"

सुधीरनं नकारार्थी मान हलवली.

महादूनं तांब्या खाली ठेवला. विडी पाण्यात टाकली. "चल," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो माणूस जणू दुसराच झाला. थट्टा नाही, शीळ नाही. जॅक चढवला, चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम सैल करून काढला. तुटलेल्या स्टडवर पंच धरून हातोडा घातला. एक घाव, दुसरा, आणि स्टडचं उरलेलं बूड मागच्या बाजूनं निसटून मातीत पडलं. मग आटे खाल्लेला दुसराही तसाच काढला. डब्यातून दोन स्टड निवडले, रॉकेलमध्ये धुतले, एकेकाचे आटे बोटानं चाचपून बघितले. सुधीर हातोडा उचलायला गेला, तर महादूनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"नवा स्टड ठोकायचा न्हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "वडून घ्यायचा. मागनं घालायचा, फुडनं वायसर आन् नट लावून सावकाश आवलायचा. ठोकला तर वाकडा बसतो. आपल्या जाग्यावर तो आपून येतो, बग."

पाना फिरत होता आणि स्टड कणाकणानं पुढे सरकत होता. सुधीर बघत राहिला. कुणीतरी सावकाश बोलतंय, ह्याचंच त्याला बरं वाटत होतं.

तेवढ्यात टपरीमागच्या घरातून महादूची बायको पार्वती आली, हातात ताट. तिला काही माहीत नव्हतं. तांदळाची भाकर, वालाचं कालवण, वर कांदा. ती सरळ पारावर विजूपाशी गेली. "ताय, खा गं. कवाधरनं बगते, तोंड सुकून गेलंय तुजं. शेरातली लोकं काय वाऱ्यावर जगतात काय?"

तिनं ताट विजूच्या मांडीवर ठेवलं.

सुधीरनं त्या ताटाकडे बघितलं. घरात आई निजवलेली. तिला अग्नी मिळेपर्यंत चूल पेटत नाही, लेकराच्या तोंडात घास जात नाही. आक्काच्या मांडीवर डोकं आपटत विजू उद्या विचारेल, आई तिकडे निजवलेली होती आणि तू मला वाल-भाकर खाऊ दिलीस? जन्मभर तो घास तिला टोचेल. आणि 'खाऊ नकोस' म्हणावं, तर मग सगळंच सांगितल्यासारखं. तो उठला. अर्ध्यात थांबला. महादूनं पाना टाकून बायकोला खूण केली, पण तिचं लक्ष नव्हतं.

विजूनं भाकरीवर हात ठेवला. गरम होती, बोटं क्षणभर तशीच राहिली. मग तिनं ताट उचलून दोन्ही हातांनी पार्वतीला परत दिलं.

"वहिनी, राग मानू नका. मला उपास आहे."

"आज कसला गं उपास? ना सोमवार, ना एकादशी!"

"आहे," विजू म्हणाली, आणि तिनं भावाकडे बघितलं.

पार्वतीनं तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तिनं पदर तोंडाला लावला आणि ताट घेऊन ती आत गेली.

सुधीर पारापाशी आला. बसावं की उभं राहावं ते कळेना, तेव्हा विजूनंच हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ह्यांनी माझी पिशवी उचलली." विजू मातीकडे बघत होती. "लग्न झाल्यापासून ह्या माणसानं आपला पाण्याचा पेला उचललेला नाही दादा. पिशवी उचलून गाडीत ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं नाही. तिथंच कळलं मला. तरी वाटत होतं, नसेल. फार आजारी असेल, एवढंच असेल. मग हे नट बघितले."

"मग वाटभर एवढी बोलत काय होतीस? लाडू काय, खाट काय..."

"तुझे हात बघत होते मी. स्टिअरिंग गच्च धरलं होतंस. म्हटलं, मी गप्प बसले तर हा माझ्याकडे बघेल, आणि माझ्याकडे बघितलं तर ह्याला गाडी चालवता यायची नाही." ती थांबली. "आणि बोलत होते तोवर ती होती रे. खाटेवर बसली होती उन्हात. मी बोलले म्हणून बसली होती."

रस्त्यावरून सुताच्या गासड्या भरलेला टेंपो गेला. त्याची धूळ हळूहळू खाली बसली. तिकडे महादूनं ड्रम चढवला, चाक चढवलं. नटाची निमुळती बाजू आत धरून एकेक नट बोटानं फिरवला, मग पान्यानं. एक आवळला की समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. पान्याचा आवाज येऊ नये म्हणून जपत होता.

"चल," सुधीर म्हणाला. "ऊन उतरायला लागलं."

"थांब. तू सांगितलं नाहीस अजून."

"काय राहिलंय आता सांगायचं?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

"आक्कानं शपथ घातलीय. उंबऱ्यापर्यंत नाही म्हणाली."

"आक्काचं राहू दे." विजूनं त्याची बाही धरली, लहानपणी धरायची तशीच, कोपराजवळ. "उंबऱ्यावर काय होणार ते मला माहीत आहे. सगळ्या बायका माझ्या गळ्यात पडतील. मला धरतील, पाणी देतील, माझ्याबरोबर रडतील. तुला कोण धरणार? तुझ्या हातात मडकं देतील आणि म्हणतील, चल पुढं. मग तू जाशील. आणि परत येऊन लोकांच्या सतरंज्या घालशील, उचलशील. मी ओळखते तुला. पहाटेपासून रडलास का?"

त्यानं गाडीकडे तोंड फिरवलं.

"माझी ती आईच रे. पण तुझं तर सगळं घरच ती. बोल दादा. इथं कुणी नाही. मी आहे, आणि हा पार आहे."

महादूनं जॅक खाली सोडला. गाडी हळूच चाकावर बसली. तो उठला, पाना टपरीत ठेवला, आणि त्यांच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

सुधीरच्या तळहातांना ग्रीस लागलं होतं. त्यानं ते तोंडावर दाबून धरले आणि त्याचे खांदे हलायला लागले. विजूनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. गालांवर काळे पट्टे उठले, तिच्या लुगड्यावरही. बऱ्याच वेळानं शब्द आले, एकेक, ओढून काढल्यासारखे.

"विजू, माई गेली गं. माझ्या मांडीवर गेली. श्वास लागला होता, आणि सारखं एकच, विजू आली का, विजू आली का. शेवटी मी म्हटलं, आली माई. दारात आहे, चपला काढतेय. तशी तिनं दाराकडे तोंड केलं, आणि हसली."